‘मिसागो’चा अठरावा भाग

३ सप्टेंबर १९७३, सोमवार

आज उकाईंनी मला अंतराळात पाठवलं.

‘मिसागो’ ही अंतराळमालिका लिहिणारे गृहस्थ पोटातल्या व्रणाने रुग्णालयात पडलेत आणि निम्म्याहून जास्त मालिका अजून लिहायची आहे. मी म्हटलं, "सात वर्षं सकाळच्या मालिकांत मी सासवा-सुना भांडवल्या. चंद्र-सूर्य सोडले तर आकाशातलं मला काही ओळखता येत नाही." उकाई आमचे निर्माते. अडतीस वर्षांचे आहेत, कायम घाईत. म्हणाले, "माकाबेबाई, पाच माणसं, एक यान, बाहेर पडायला दार नाही. म्हणजे स्वयंपाकघरच की."

हे पटलं म्हणून हो म्हटलं. 

आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या. "ते होय? त्यात कुणी काही करतच नाही. नुसते खिडकीतून बघत बसतात."

९ सप्टेंबर, रविवार

शुक्रवारी आमची ‘मिसागो’ पाहिली, आज दुसऱ्या वाहिनीवरची ‘नक्षत्रदल’. दोन्हींची वेळ सात. मी वही घेऊन बसले होते, आई संत्री घेऊन.

‘नक्षत्रदल’ला एकवीस टक्के घरं बघतात, आम्हाला आठ. का, ते कळायला वही लागत नाही. त्यांचं यान वळतं, झुकतं, ढगातून बाहेर येतं. दर आठवड्याला नवा शत्रू आणि बाविसाव्या मिनिटाला मोठा स्फोट. शत्रू का आला, हे स्फोटानंतर कुणी विचारत नाही. आमच्याकडे कथा आहे. कप्तानाला घरची आठवण येते, यंत्रज्ञ आणि डॉक्टरीण बोलत नाहीत. पण यानाची दृश्यं तीनच. डावीकडून उजवीकडे जाणारं, उजवीकडून डावीकडे जाणारं, आणि स्थिर. चार भागांत तीच तीन फिरवून फिरवून वापरलीत. त्यातही यानाच्या खिडक्या पुसट दिसतात.

"तिकडे निदान काही फुटतं तरी," आई म्हणाल्या.

उद्या प्रतिकृतींच्या कारखान्यात जाऊन नवी दृश्यं मागणार आहे.

१० सप्टेंबर, सोमवार

कारखान्याचे प्रमुख नोसाका तोकिची. त्रेसष्ट वर्षांचे. तरुणपणी केसेन्नुमाला मासेमारीच्या लाकडी बोटी बांधायचे. माणूस फटकळ. मी रात्रभर खपून यानाच्या हालचालींची चित्रं काढून नेली होती. त्यांनी ती हातात घेतली आणि न बघताच शेजारी बसलेल्या बायकोला दिली.

"चित्र नको. तोंडाने सांगा."

"पण काढलंय ना सगळं."

"सासू-सुनावाल्या बाई, बोलता येतं ना तुम्हाला? मग बोला."

बोलले. ते मान तिरकी करून, माझ्याकडे न पाहता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "होणार नाही." संपलं!

बायकोचं नाव फुमी. पन्नाशीच्या पुढच्या, हसऱ्या. नवऱ्याचा डबा घेऊन येतात आणि दिवसभर थांबतात. यानाचे बारके भाग त्याच रंगवत होत्या. म्हणजे पगार याचा आणि काम तिचं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज राग आवरेना म्हणून लिहून ठेवते.

तेराव्या भागाची संहिता द्यायला कारखान्यात गेले, तर आतून माझेच संवाद ऐकू आले. नोसाका खुर्चीत रेलून, डोळे मिटून बसलेले, आणि फुमीबाई त्यांना बारावा भाग वाचून दाखवत होत्या. सरंजामदारच! आम्ही घाम गाळून लिहायचं आणि यांनी ते गाणं ऐकल्यासारखं ऐकायचं.

मला पाहून फुमीबाई गप्प झाल्या. नोसाका म्हणाले, "नवव्या पानावर कप्तान खोटं बोलतोय."

"तो खोटं बोलत नाही. भीती वाटत नाही म्हणतो, कारण तो शूर आहे."

"एकाच पानावर तीनदा म्हणतो. शूर माणसाला एकदाही म्हणावं लागत नाही."

घरी येऊन नववं पान काढलं. तीनदाच आहे. मी घाईत लिहिलं होतं, माझ्या लक्षातही नव्हतं. दोन वाक्यं खोडली. तरी राग गेला नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहात एकाच टेबलावर सापडलो. उकाई, मी, नोसाका पती-पत्नी. सोबाच्या शेवयांचे वाडगे पुढे आणि वाद जुनाच, आपण का हरतोय.

उकाईंनी अमेरिकेहून आलेली, आपल्या भाषेत आवाज दिलेली जुनी मालिका काढली. "त्यांचे खडक पुठ्ठ्याचे, हे लहान पोरालाही दिसायचं. पण माणसं भांडायची ती खरी. आपण पुठ्ठा विसरायचो."

"मला ती इंग्रजांची बाहुल्यांची आवडायची," नोसाका म्हणाले. "तोंडं लाकडाची, पण यान जमिनीवरून सुटायच्या आधी किती वेळ लावायचं! दार उघडतंय, पूल सरकतोय, झाडं बाजूला होतायत. बोट बंदरातून निघताना दिसली पाहिजे. तरच ती परत यावी असं वाटतं."

मी म्हटलं, "मग ‘नक्षत्रदल’चं यान?"

"त्यांचं यान वळतं तेव्हा आवाज वळत नाही."

सगळा देश ज्या यानाकडे डोळे फाडून बघतो, त्यातलं या माणसाने काय टिपलं, तर आवाज! फुमीबाईंनी त्यांचा हात धरून चहाच्या पेल्यावर नेऊन ठेवला. या वयात एवढं प्रेम. मला माझ्या नवऱ्याची, तेरुओची आठवण झाली. त्याचं जहाज आता हिंदी महासागरात असेल. तिथल्या यंत्रखोलीत त्याला चहा कोण देत असेल?

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

वाईट बातमी. आमच्या वेळेला जाहिरात देणारी गोळ्या-चॉकलेटवाली कंपनी वैतागलीय. विसाव्या भागाला गाशा गुंडाळा म्हणतेय. मालिका वाचवायची असेल तर अठराव्या भागात मोठी लढाई दाखवा. निदान चाळीस शत्रुयानं, शेवटी त्यांचं मुख्य यान फुटलं पाहिजे. तरच सव्वीस भाग.

मी लढाई लिहायला बसले. सासू-सुनांच्या भांडणात कोण का चिडलंय हे मला कळायचं. इथे चाळीस यानं का चिडलीत ते कळेना. शेवटी त्यांना नुसतं चिडवलं.

५ नोव्हेंबर, सोमवार

अरबांनी तेल आखडलं आणि आमच्या गल्लीतल्या बायका शौचाच्या कागदासाठी रांगेत उभ्या आहेत. आईंनी आज सकाळी दोन तास उभं राहून चार बंडलं आणली आणि देवघरात ठेवली. "तिथे कुणी हात लावणार नाही," म्हणाल्या.

कारखान्यात थर्माकोल नाही, प्लास्टिकचे पत्रे नाहीत, रंग पातळ करायचं द्रावण नाही. सगळं तेलातून येतं, हे मला आत्ता कळलं. चाळीस यानं कशाची करायची? नोसाका एका शब्दात म्हणाले, "लाकूड." उकाई हसले. नोसाका हसले नाहीत.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

मिसागो फुटली.

आमच्या यानाची दीड मीटरची मुख्य प्रतिकृती, जिच्यावर सगळी मालिका उभी आहे ती. घडवंचीवर ठेवली होती. सगळ्यांच्या देखत नोसाका तिच्या बाजूने गेले आणि खांद्याच्या धक्क्याने ती खाली आली. ती तिथे आहे हे शेंबड्या पोराला दिसलं असतं! कणा मोडला, पोटात वीतभर भेग. ते तसेच उभे राहिले. वाकून उचललीसुद्धा नाही. फुमीबाई धावल्या.

त्यांना लढाईचं काम नको होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी आज उकाईंना पत्र लिहिलं. दोन पानं, सविस्तर. नोसाका चित्रं बघत नाहीत, संहिता वाचत नाहीत, बायकोकडून काम करून घेतात, आणि आता मुद्दाम यान पाडलं. त्यांना हटवावं. सही केली. मन हलकं झालं.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

हे कसं लिहू?

उकाईंनी अकराला बोलावलं. खोलीत नोसाका उभे होते, हातात माझं पत्र. उकाई म्हणत होते, "तुमची बाजू कळल्याशिवाय मी ते वर पाठवणार नाही. वाचा आणि बोला." नोसाका कागद नुसता धरून होते. मी दारात थांबले.

"माकाबेबाई आल्या," ते म्हणाले. वळलेही नव्हते. "डाव्या चपलेची टाच घासलीय तुमची. बरं झालं आलात. लिहिणं तुमचंच ना? मग तुम्हीच वाचून दाखवा. फुमी आज दवाखान्यात गेलीय."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मीही ठसक्यात कागद घेतला आणि वाचायला लागले. ‘नोसाका माझी चित्रं बघत नाहीत.’ पुढे, ‘संहिता स्वतः वाचत नाहीत.’ तिसऱ्या वाक्याला मी थांबले. मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, पण माझ्या चेहऱ्याच्या वीतभर बाजूला.

"पुढे?" ते म्हणाले.

"नोसाकासान..."

"वाचा. अर्धं ऐकून मी कुठल्याच संहितेवर बोलत नाही."

मी सगळं वाचलं. दोन पानं. ‘बायकोकडून काम करून घेतात’ वाचलं. ‘मुद्दाम’ हा शब्दही वाचला. 

"भाषा चांगली आहे," नोसाका म्हणाले. "घटना एकही खोटी नाही. कारण तेवढं चुकलंय." मग उकाईंकडे, म्हणजे उकाईंच्या आवाजाकडे वळून म्हणाले, "दीड वर्ष झालं. कडेकडेने अंधार येत गेला. आता मधे नाण्याएवढं भोक उरलंय, तेही धुरकट. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. हटवायचं तर हटवा."

 

१७ नोव्हेंबर, शनिवार

काल कामावर गेले नाही. आज दुपारी फुमीबाई घरी आल्या, भाजलेली रताळी घेऊन. मी दारातच गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं.

"उठा हो," त्या म्हणाल्या. "दोन दिवस रागावले होते तुमच्यावर. आज तिसरा. संपला."

आईंनी चहा टाकला. फुमीबाई वीस वर्षं इवात्सुकीला बाहुल्यांचे चेहरे रंगवायच्या. नवऱ्याला काचबिंदू झाल्यावर डबा द्यायच्या निमित्ताने येऊ लागल्या. "यानाच्या खिडक्या मला जमेनात पहिल्यांदा. मी त्यांना पापण्या काढत होते." आई खदखदून हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर रडूही.

"परवा रात्री त्यांनी मोडलेली मिसागो मांडीवर घेतली," फुमीबाई म्हणाल्या. "भेग बोटांनी शोधली. मला दिसल्या होत्या दोन, त्यांना पाच सापडल्या."

त्या गेल्यावर मी चाळीस चिडलेल्या यानांची संहिता काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन लिहायला घेतली. तसाही कागद मिळत नाहीये.

१९ नोव्हेंबर, सोमवार

नोसाकांकडे गेले. क्षमा मागितली. ते म्हणाले, "झालं ते झालं. काम काय आहे?"

"यानातली सगळी वीज जाते. पाच माणसं काळोखात. कवचाला कुठेतरी भेग आहे, हवा चाललीय. ती शोधायची आहे. काळोखात माणूस काय करतो?"

ते पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीत पुढे सरकून बसले. "हात पुढे करायचा तो पालथा. आपटला तरी बोटं मोडत नाहीत. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. आणि सगळ्यांनी बोलत राहायचं. काळोखात जो बोलत नाही, तो खुर्ची."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला लोक आपटतात."

यंत्रज्ञ आणि डॉक्टरीण सोळा भाग एकमेकांशी बोलत नाहीत. आता त्यांना बोलावंच लागेल. मी तिथेच बसून लिहायला लागले, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवत गेले.

"आणि बाहेरचं कवच?" मी विचारलं. "माणूस त्यावरून हात फिरवतो ते दाखवायचं तर खऱ्या मापाचं हवं. प्लास्टिक तर नाही."

"चार मीटरचा तुकडा पुरेल. देवदाराच्या फळ्या, बोटीला जोडतात तशा. चांदीचा रंग लावला की कुणाच्या बापाला कळणार नाही."

उकाईंनी संहिता वाचली आणि कपाळाला हात लावला. "आठ मिनिटं जवळजवळ काळा पडदा! लोक उठून टीव्हीला थापा मारतील."

"मारू देत. उठून वाहिनी बदलण्यापेक्षा बरं."

ते खिडकीशी गेले. मग म्हणाले, "चाळीस यानं करायला सामान नाही, हे मी कंपनीला सांगतो. ते खरंच आहे. उरलेलं दाखवल्यावर कळेल त्यांना. आणि नोसाका राहतील."  नोकरी उकाईंचीही टांगणीला आहे.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

चित्रीकरण. इसोबे रंगभूमीवरचे जुने नट, यंत्रज्ञाचं काम करतात. त्यांना नोसाकांनी भेग कुठे आहे ते सांगितलंच नाही. डोळ्यांवर पट्टी, वर शिरस्त्राण. चांदीच्या कवचावरून इसोबेंचा हात पालथा सरकत निघाला. एकदा पुढे गेला, पुन्हा मागे आला. दोन मिनिटं. दिग्दर्शक थांबवायला निघाले, तसे नोसाका हळूच म्हणाले, "थांबा. जवळ आलाय."

त्यांना कसं कळलं? इसोबेंच्या हाताचा फळीवर घासण्याचा आवाज बदलला होता म्हणे. दुसऱ्याच क्षणी हात थबकला. पट्टीखालून इसोबेंच्या गालांवर पाणी आलं. ते संहितेत नव्हतं. तसंच ठेवलंय.

१४ डिसेंबर, शुक्रवार

प्रक्षेपण झालं. कोतात्सूत, शेगडीवर घातलेल्या गोधडीखाली, पाय घालून आई आणि मी. सात वाजून नऊ मिनिटांनी पडदा काळा झाला. आई पुढे वाकल्या. मला वाटलं, आता थापा मारणार. त्यांनी आवाज वाढवला.

आठ मिनिटं काहीही फुटलं नाही. डॉक्टरीण बोलतेय, यंत्रज्ञ उत्तर देतोय, मधेच कुणी थकून गप्प होतो आणि बाकीचे त्याचं नाव घेऊन हाका मारतात. आईंच्या हातात सोललेलं संत्रं तसंच राहिलं.

संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

त्यांनी संत्रं ताटलीत ठेवलं. मग म्हणाल्या, "तेरुओच्या जहाजावर दिवे गेले, तर त्याला कुणी अशी हाक मारेल का गं?"

मी म्हटलं, "मारतील, आई."

"उद्या त्याला पत्र लिहू. दोघी मिळून लिहू."

१९ डिसेंबर, बुधवार

आकडे आले. आम्हाला साडेबारा टक्के, ‘नक्षत्रदल’ला एकोणीस. म्हणजे हरलोच. कंपनीच्या माणसाने फोनवर उकाईंना वीस मिनिटं झापलं. काळ्या पडद्यावर गोळ्या कशा विकायच्या म्हणे. पण चार दिवसांत चारशेच्या वर पत्रं आलीत. कंपनीकडेही आली, त्यामुळे सव्वीस भाग मिळाले. "लढाई हरलो," उकाई म्हणाले, "पण तह बरा झाला."

विसाव्या भागापासून श्रेयनामावलीत ‘प्रतिकृती: नोसाका तोकिची, नोसाका फुमी’ असं येईल. पगारपत्रकावरही. फुमीबाईंनी विचारलं, "माझं नाव कुठल्या बाजूला येईल?" आणि उत्तर न ऐकताच लाजून पळाल्या.

दुपारी आणखी एक गंमत. कारखान्याच्या दारात एक ठेंगणा माणूस टोपी काढून उभा. तादोकोरो, ‘नक्षत्रदल’च्या प्रतिकृतींचे प्रमुख! मी तीन महिने ज्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या ते हेच. म्हणाले, "थर्माकोल आमच्याकडेही संपलाय. तुमचं ते लाकडी कवच... हात लावून बघू का?"

"बघा की," नोसाका म्हणाले. "डोळे मिटून बघा, नाहीतर रंग फसवतो."

आमच्यात आणि ‘नक्षत्रदल’मध्ये श्रेष्ठ कोण, याचा हिशेब मांडायला मी सप्टेंबरात वही घातली होती. तादोकोरोंची बोटं फळ्यांच्या सांध्यावरून फिरताना पाहिली आणि ती वही मला पोरकट वाटली. त्यांना पाहिजे होतं तेच आम्हालाही पाहिजे होतं. यान खरं वाटावं, आतली माणसं परत यावीत.

१२ जानेवारी १९७४, शनिवार

‘मिसागो’ फेब्रुवारीत संपेल. त्यानंतर वसंतात नवी मालिका, लहानशी, तेरा भागांची. उकाईंनी कुठून मंजुरी मिळवली देव जाणे. लिहायची मी. यान पूर्ण लाकडाचं, बंदरातून निघण्यापासून दाखवायचं. लोक बघतील की नाही, माहीत नाही. मला बघायचं आहे, हे मात्र नक्की.

आज नोसाका, फुमीबाई आणि मी किबाच्या वखारीत लाकूड बघायला गेलो. थंडी मी म्हणत होती. पाण्यात ओंडके तरंगत होते, वरच्या फळ्यांवर दव गोठलेलं. वखारवाल्याने सगळ्यात देखणी, सरळ रेषांची फळी पुढे केली. मला आवडली. फुमीबाईंनाही. नोसाकांनी तिच्यावर एकदा तळहात फिरवला आणि बाजूला सारली. दुसरीही, तिसरीही. वखारवाला वैतागून माझ्याकडे बघायला लागला.  आता घाई करायची नाही, एवढं मला कळतं.

सातव्या फळीपाशी ते थांबले. दिसायला साधी, एका टोकाला गाठ. त्यांनी ती बोटांच्या पेरांनी वाजवली, वाकून वास घेतला, मग गाल टेकवून उभे राहिले.

"ही हिवाळ्यात तोडलेली आहे, झाडात रस कमी असताना," ते म्हणाले. "टिकेल."